समुद्र नाही, पण समुद्रदेव आहे!

कोल्हापुरात चौपाटी आहे, समुद्र नाही. रंकाळ्याच्या काठावर भेळेच्या गाड्या लागतात, भाजलेली कणसं मिळतात, संध्याकाळी गार वारं सुटतं, आणि पाहुण्याला ‘चला, चौपाटीवर जाऊन येऊ’ म्हणताना आमच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलत नाही. खरा समुद्र बघायचा तर आंबा नाहीतर करूळचा घाट उतरून कोकण गाठावं लागतं. आणि तरीही या गावात समुद्राचा एक अस्सल देव मुक्कामाला आहे. कोकणातला नव्हे, थेट भूमध्य समुद्राचा!

पाहुण्यांचा फेरा इथं ठरलेला असतो. सकाळी अंबाबाई, मग मिसळ, न्यू पॅलेस, चप्पल लाईनीत घासाघीस, तिन्हीसांजेला रंकाळा, रात्री तांबडा-पांढरा. वेळ उरला तर जोतिबा नि पन्हाळा. फेरा उत्तमच आहे, त्याला नाव ठेवायचं कारण नाही. पण याच गल्ल्याबोळांतून एक दुसरी वाटही जाते आणि ती वाटेत रोम, पाँपेई, फ्लॉरेन्स, अलेक्झांड्रिया अशी स्टेशनं घेते. व्हिसा लागत नाही. रिक्षा पुरते.

तळहातावर मावणारा देव

पहिला थांबा टाऊन हॉल. झाडांच्या बागेत उभी असलेली, उंच टोकदार मनोऱ्यांची ही काळ्या दगडाची इमारत १८७२ ते १८७६ या काळात बांधली गेली. दुरून बघाल तर एखादं विलायती चर्चच वाटेल. आत सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. शाळेच्या सहलीत तोफा, तलवारी नि जुनी चित्रं बघत मुलं एका दारानं आत जातात आणि दुसऱ्या दारानं बाहेर पडतात. ब्राँझच्या छोट्या वस्तूंपुढं फारसं कुणी थबकत नाही. तिथंच थबकायचं.

तळहातावर मावेल एवढी ती मूर्ती पोसायडनची. ग्रीकांचा हा समुद्रदेव, रोमन लोक त्याला नेपच्यून म्हणत. अंगावर वस्त्र नाही, दाढी भरघोस, उभं राहण्याची ढब राजाची. त्याचं ठरलेलं आयुध त्रिशूळ, त्यामुळं आपल्याकडच्या एखाद्या आजीनं ‘शंकर म्हणायचा हा’ असं समजून हात जोडले तर तिला हसायचं कारण नाही. घडणावळ मात्र पूर्ण रोमन, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या आसपासची.

मूर्ती सापडली ती कुठल्या राजवाड्यात नव्हे, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात. १९४४-४५च्या सुमाराला राजाराम कॉलेजचे प्रा. के. जी. कुंदणगार यांच्या पुढाकारानं तिथं खोदकाम झालं आणि ब्राँझच्या वस्तूंचं एक घबाडच हाती लागलं. पाठोपाठ १९४५-४६मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. ग. दीक्षित यांनी तिथं शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. या सापडलेल्या वस्तू ठेवायच्या कुठं, या प्रश्नातूनच कोल्हापूरच्या वस्तुसंग्रहालयाचा जन्म झाला. एकट्या पोसायडनची ही गोष्ट नाही. सोबत रोमन घाटाचा मद्याचा चंबू आहे, आरसे आहेत, ग्रीक पुराणातला पर्सियस आणि त्यानं सागरी राक्षसाच्या तावडीतून सोडवलेली अँड्रोमेडा यांची एक गोल तबकडी आहे. आणि या विलायती मंडळींच्या शेजारी, हत्तीवर बसून निघालेली आपली माणसंही आहेत, इथल्याच कारागिरानं ओतलेली. मला विचाराल तर पोसायडनपेक्षा तो हत्ती काकणभर सरस आहे. पण हे कोल्हापूरकराचं मत, तेव्हा चिमूटभर मिठासह घ्या.

अलेक्झांड्रियातून निघालं, ब्रह्मपुरीत पोचलं

एवढ्या लांबून हे सगळं आलं कसं? वाऱ्यानं. भूमध्य समुद्राकाठच्या अलेक्झांड्रियात माल भरायचा, नाईल नदीतून होड्यांनी वर न्यायचा, तिथून उंटांवर लादून वाळवंट ओलांडायचं आणि तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके किंवा म्योस होर्मोस बंदरात जहाजावर चढवायचा. जुलैच्या आसपास शिडं सोडली की आपला पावसाळा घेऊन येणारे नैऋत्य वारेच जहाज भारताच्या किनाऱ्याला आणून सोडत. वारे उलटे फिरले की परतीचा प्रवास. म्हणजे पंचगंगेला पूर आणणारा आणि पोसायडनला किनाऱ्याला लावणारा वारा एकच!

किनाऱ्यावर सोपारा, कल्याण, चौल ही बंदरं होती. त्यांची नावं त्या काळात कुणा ग्रीक दर्यावर्द्यानं लिहिलेल्या प्रवासवहीत आहेत. तिथून पुढं बैलांच्या पाठीवरून घाटवाटांनी देशावर. सातवाहनांचे दिवस होते. ब्रह्मपुरीत राहणारी माणसं खाऊनपिऊन सुखी होती, हौशी होती.

रोममध्ये मात्र या हौसेचं बिल बघून काही जणांचं डोकं उठत होतं. प्लिनी नावाच्या लेखकानं इसवी सन ७७च्या सुमाराला लिहून ठेवलंय की, भारत दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स गिळतो. मिरी, मलमल, मोती, हस्तिदंत यांच्या नादापायी सोनं-चांदी पूर्वेला वाहून चाललंय म्हणून त्याची तक्रार. गुजरीतल्या सराफकट्ट्यावर बसून ही तक्रार वाचायला वेगळीच मजा येते.

आणखी एक गंमत. अलेक्झांड्रियात बसून टॉलेमी नावाच्या पंडितानं इसवी सन १५०च्या आसपास जगाचा भूगोल लिहिला. त्यात आपल्या बाजूच्या ‘हिप्पोकूरा’ नावाच्या राजधानीची नोंद आहे आणि तिथल्या राजाचं नाव दिलंय ‘बालिओकुरोस’. इकडं कोल्हापूर परिसरात जी शिशाची जाडजूड नाणी सापडली, त्यांच्यावर नाव आहे ‘विळिवायकुर’. दोन्ही नावं एकमेकांच्या शेजारी ठेवून मोठ्यानं म्हणून बघा. हिप्पोकूरा म्हणजे कोल्हापूरच, असं काही विद्वानांनी म्हटलं, बाकीच्यांनी माना हलवल्या. पण नाव नक्की कुणाचं याचा वाद चालू असला तरी राजा आमचा आहे. नाण्यावर धनुष्यबाण आहे. आजच्या राजकारणाशी त्याचा संबंध जोडू नये!

लक्ष्मी तिकडं, पोसायडन इकडं

हा व्यवहार एकतर्फी नव्हता. १९३८मध्ये इटलीतल्या पाँपेईच्या राखेत एक हस्तिदंती बाई सापडली. अंगभर दागिने, शेजारी दोन छोट्या दासी, आणि घडण शंभर टक्के भारतीय. पाँपेई हे समुद्राजवळचं श्रीमंतांचं गाव. इसवी सन ७९मध्ये व्हेस्युव्हियस ज्वालामुखी फुटला आणि गाव जसंच्या तसं गाडलं गेलं, त्यामुळं ही बाई त्याआधीच तिथं पोचली होती हे पक्कं. सापडल्यावर तिला ‘लक्ष्मी’ म्हटलं गेलं. पुढं अभ्यासकांनी ती यक्षी असावी असं मत दिलं, पण ‘पाँपेईची लक्ष्मी’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच. सध्या ती नेपल्सच्या संग्रहालयात असते.

तिच्या बहिणी शोभाव्यात अशा मूर्ती सापडल्या कुठं, तर मराठवाड्यात. जालन्याजवळचं भोकरदन आणि धाराशिवजवळचं तेर. म्हणजे आपल्या मुलुखातल्या कारागिरांची लक्ष्मी नेपल्सच्या उपसागरावर नांदायला गेली आणि तिकडचा समुद्रदेव लक्ष्मीच्या गावात येऊन राहिला. साटंलोटं म्हणतात ते हेच.

अंबाबाईचा सूर्य

लक्ष्मीचा विषय निघालाच आहे तर देवळात डोकावू. अंबाबाई, म्हणजेच महालक्ष्मी, पश्चिमेकडं तोंड करून उभी आहे. नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि पुढं ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवसांत मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून आत शिरतात आणि थेट गाभाऱ्यापर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. हाच किरणोत्सव. ढग आले किंवा वाटेतल्या एखाद्या इमारतीनं डोकं वर काढलं की किरणं अडतात आणि दुसऱ्या दिवशी गावात त्याचीच चर्चा.

वर्षातून दोनदाच का, याचं गणित सोपं आहे. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला सूर्य दक्षिणेच्या टोकाला जाऊन परत फिरतो. १० नोव्हेंबर हा त्या टोकाच्या साधारण सहा आठवडे आधी आणि १ फेब्रुवारी सहा आठवडे नंतर. जाताना सूर्य ज्या जागी मावळतो, येताना त्याच जागी पुन्हा मावळतो. इजिप्तमधल्या अबू सिंबलच्या देवळात २२ ऑक्टोबर आणि २२ फेब्रुवारीला किरणं गाभाऱ्यात जातात, तिथंही हिशेब हाच. फरक इतकाच की, तिथं जायला विमानाचं तिकीट लागतं आणि इथं महाद्वार रोडवर चप्पल सांभाळायला कुणीतरी लागतं.

रोम बघितलं, खासबाग बांधलं

सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी शाहू महाराज १९०२मध्ये विलायतेला गेले. त्या दौऱ्यात त्यांनी रोम पाहिलं. संस्थानिक युरोपात जाऊन काय आणत, याची यादी करायची तर झुंबरं, घोडे, मोटारी आणि कर्ज. महाराजांनी डोक्यात घालून आणलं कोलोसियम.

त्यातून उभं राहिलं खासबागचं कुस्ती मैदान. १९१२मध्ये ते तयार झालं. मधे लाल मातीचा हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक, अशी की मागच्या टोकाला बसलेल्या माणसालाही पैलवानाची पाठ टेकली की नाही हे दिसावं. रोमच्या कोलोसियममध्ये माणसं नि जनावरं एकमेकांचे जीव घेत. खासबागेत मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मिसळतात, म्हणजे पडलेल्या पैलवानाच्या कातडीला इजा होऊ नये! ज्यानं कल्पना उचलली त्यानं ती सुधारूनही घेतली, असं माझं स्पष्ट मत आहे.

मैदानाला पाठ लावूनच नाट्यगृह बांधलं, तेव्हाचं नाव पॅलेस थिएटर. १९१५मध्ये ते सुरू झालं. नाटकवाल्याला नि पैलवानाला शेजार देणारा राजा दुसरीकडं कुठं दाखवा! पुढं या थिएटरला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं. केशवराव याच मातीतले, जन्म ९ ऑगस्ट १८९०चा. त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ८ ऑगस्ट २०२४ला, हे नाट्यगृह आगीत जळालं. रस्त्यावर उभं राहून रडणारी मोठाली माणसं त्या रात्री कोल्हापूरनं पाहिली. ते होतं तसं पुन्हा उभं करायचा निर्धार झाला. पाहुणे, मैदान बघायला जाल तेव्हा त्या बाजूलाही दोन मिनिटं थांबा.

आणि एक तारीख ध्यानात ठेवा. महाराज विलायतेच्या त्याच दौऱ्यावर असताना, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. सहलीला गेलेला माणूस घरी काय पाठवतो, यावरून त्याची ओळख पटते.

फटाफट

रंकाळ्याकाठी एक नंदी आहे. तो दरवर्षी गहूभर पुढं सरकतो आणि तांदळाभर मागं येतो म्हणे. ज्या दिवशी रंकाळ्यात पोचेल त्या दिवशी जगबुडी. घाबरू नका, हिशेब बघता अजून बराच अवकाश आहे.

गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी असते. पिळायचं, फेसाचा पेला हातात द्यायचा, आपण तिथंच प्यायचा. मिशी आली तर पुसायची नाही, फोटो काढायचा.

तांबड्या रश्श्यातली मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली, हे हल्ली बऱ्याच जणांना माहीत असतं. पांढऱ्या रश्श्यातल्या खसखशीचं माहेर कुणी विचारत नाही. अफूचं झाड माणसानं पहिल्यांदा लावलं ते पश्चिम भूमध्य समुद्राच्या काठी. तेव्हा दोन वाट्या पुढ्यात आल्या की समजायचं, एक अटलांटिक आणि एक भूमध्य. ओरपायचं मात्र कोल्हापुरी पद्धतीनं, आवाज करून.

२०२५च्या जूनमध्ये इटलीतल्या मिलानला प्राडा या बड्या कंपनीच्या फॅशन शोमध्ये मॉडेल चालले ते हुबेहूब कोल्हापुरी पायतानं घालून. नाव मात्र कुठंच नाही. २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांत बनणारी ही चप्पल. इकडं असा काही गहजब झाला की कंपनीनं प्रेरणा कुठून घेतली ते कबूल केलं, तिची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली आणि डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. चप्पल लाईनीत आता दुकानदार तुम्हाला ही गोष्ट फुकट सांगतो. चप्पल तेवढी फुकट मागू नका.

गांधीनगरच्या कापडाखाली पोलंड

शहराबाहेर वळिवडे-गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला आसपासची गावंच्या गावं इथल्या कापडपेठेत येतात. १९४३मध्ये याच जागी पोलंडची वसाहत उभी राहिली होती. सोव्हिएत छळछावण्यांतून सुटून, इराणमार्गे आलेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित इथं राहिले, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची. १९४८पर्यंत छावणी रिकामी झाली आणि फाळणीत घर गमावून आलेल्या सिंधी कुटुंबांनी त्या बराकींत नवा संसार मांडला. एकाच छपराखाली पाठोपाठ दोन देशांचे बेघर.

या बायकामुलांचे नवरे, बाप, भाऊ जनरल अँडर्सच्या फौजेत होते आणि १९४४च्या मे महिन्यात इटलीतल्या मोंते कासिनोच्या डोंगरावर जर्मनांशी लढत होते. म्हणून पोलंडची राजधानी वॉर्सामध्ये मोंते कासिनोच्या स्मारकाला लागून कोल्हापूरचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४मध्ये पंतप्रधान मोदींनी तिथं फुलं वाहिली तेव्हा टीव्हीवर ‘कोल्हापूर’ हे नाव दिसलं आणि इथल्या पुष्कळांना पहिल्यांदा वळिवडे कळलं. कोल्हापुरातल्या महावीर उद्यानात या निर्वासितांच्या आठवणीचा स्तंभ आहे. बागेत फिरायला येणारे त्याच्याभोवती रोज चालतात.

फ्लॉरेन्समधला आपला राजा

आता सगळ्यात न चुकवण्यासारखी गोष्ट. १८७०मध्ये कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या दौऱ्यावर गेले. सुएझचा कालवा जेमतेम आदल्या वर्षी खुला झाला होता. समुद्र ओलांडणं हेच पाप मानण्याचे ते दिवस. इंग्लंड पाहून, राणीला भेटून ते परत निघाले आणि वाटेत इटलीत, फ्लॉरेन्स मुक्कामी आजारी पडले. ३० नोव्हेंबर १८७०ला तिथंच गेले. वय होतं वीस वर्षांचं.

फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती आणि दहन हा प्रकार त्या देशात कायद्यात बसत नव्हता. खास परवानगी काढून, काश्शिने नावाच्या मोठ्या बागेच्या टोकाला, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू रिवाजानं अंत्यसंस्कार झाले. संगमच हवा होता. संगमावरच्या प्रयाग चिखलीच्या मुलखातल्या माणसांना दुसरी जागा कशी पटेल? १८७४मध्ये त्या जागी छत्री उभी राहिली, आत फेटा बांधलेल्या महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. पुतळा घडवला फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकारानं. छत्रीचा आराखडा केला चार्ल्स मँटनं, तोच ज्यानं कोल्हापूरचा टाऊन हॉल, न्यू पॅलेस आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास रेखाटला.

महाराजांची प्रवासातली रोजनिशी १८७२मध्ये पुस्तकरूपानं आली. राजाराम कॉलेज त्यांच्याच नावाचं, १८८०चं. आणि पोसायडनला मातीतून वर काढणारे कुंदणगार याच कॉलेजचे प्राध्यापक! इटलीत गेलेल्या राजाच्या नावाच्या कॉलेजनं इटलीहून आलेला देव शोधला. अशी जुळणी कादंबरीत केली असती तर संपादकानं ‘फार ओढूनताणून झालंय’ म्हणून कापली असती.

फ्लॉरेन्सकरांनी या पाहुण्याला विसरायचं नाकारलं. १९७८मध्ये तिथं आर्नोवर तारांनी तोललेला मोठा पूल झाला, त्याचं नाव ‘पोंते आल्लिंदियानो’, म्हणजे त्या भारतीयाचा पूल. रोज हजारो इटालियन गाड्या कोल्हापूरच्या राजाच्या नावावरून जातात.

सहल कंपन्यांच्या सात दिवसांत पाच देश अशा फेऱ्यांत ही जागा नसते. तेव्हा तुमचा मुलगा, मुलगी, भाचा, पुतणी कुणी युरोपात असेल आणि फ्लॉरेन्सला जाणार असेल, तर आजच निरोप धाडा: उफीझी संग्रहालयातली चित्रं बघून झाली की काश्शिने बागेच्या पश्चिम टोकापर्यंत जा, छत्रीपाशी थांब, आणि कोल्हापूरहून आलोय म्हणून महाराजांना मुजरा करून ये.